बर्गंडीत मान जमिनीला

फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनच्या प्रांतात न्युई-सँ-जॉर्जच्या स्टेशनवर उतरलो आणि वोन-रोमाने गावाकडे चालत निघालो. ऑक्टोबर होता, तोडणी आटोपलेली, पानं पिवळी पडलेली. आमची निफाडला द्राक्षबाग आहे, त्यामुळे वेल दिसली की माझी नजर आधी बुंध्याकडे जाते. आपल्याकडे मांडवाखालून ताठ उभं राहून चालता येतं. इथली वेल जेमतेम कमरेला लागते. हेक्टरी १०,०००च्या आसपास वेली, इतकी दाट लागवड!

बोर्दो या फ्रान्सच्याच दुसऱ्या वाइन-प्रांतात, तिथल्या मेदोक भागात १८५५ साली जी प्रतवारी झाली, ती शातोंची, म्हणजे एकेका वाडीची. शातोने पुढे शेजारचं रान घेतलं तरी प्रत तीच राहते. बर्गंडीत प्रत जमिनीच्या तुकड्याची. खातेदार कितीही बदलोत, प्रत मातीलाच चिकटलेली. या तुकड्याला इथे ‘क्लिमा’ म्हणतात. सगळ्यात खाली नुसती बर्गंडी, मग गावाच्या नावाची वाइन, त्यावर प्रीमिये क्रू आणि शेंड्यावर ग्राँ क्रू. ग्राँ क्रू अवघे ३३.

त्यातलं रोमाने-काँती गावाच्या वरच्या अंगाला आहे. बुटकी दगडी भिंत, एक दगडी क्रूस आणि ‘कृपया आत जाऊ नका’ अशी पाटी. सगळं मिळून साडेचार एकरही भरत नाही. तिथे बराच वेळ उभा राहिलो. रस्त्याकडेची माती बोटांत चुरली, तर तांबूस मातीत चुनखडीच्या पांढऱ्या कपच्या निघाल्या.

तिथून पुढे क्लो द वूजो. सितोच्या मठातल्या साधूंनी बाराव्या शतकापासून जमवत आणलेली ही जमीन. भोवती त्यांनीच भिंत घातली. फ्रेंच राज्यक्रांतीत ती मठाच्या हातून गेली, पुढे तिचे तुकडे झाले आणि आज ५० हेक्टरांत ८०च्या आसपास मालक आहेत. भिंतीच्या कडेने उतारावर चालत गेलो. वर चुनखडी बुटाखाली करकरत होती. खाली हमरस्त्याजवळ चिकणमातीने तळवे जड झाले. तरी भिंतीच्या आतलं सगळंच ग्राँ क्रू! मला हे पटलं नाही. पाण्याचा निचरा न होणाऱ्या रानातलं द्राक्ष काय असतं, ते आम्हाला ठाऊक आहे.

संध्याकाळी वोन-रोमानेमधल्या एका तळघरात दोन पेले पुढे आले. उत्पादक एक, साल एक, दोन्ही पिनो न्वार या काळ्या द्राक्षाच्या वाइन. पहिली गावाची, दुसरी प्रीमिये क्रू. तिच्या लेबलवर गावाखाली क्लिमाचंही नाव होतं. पहिलीत लाल चेरीचा सरळ, गोड वास. दुसरी आधी गप्पच होती. दहा मिनिटांनी पेला परत नाकाशी नेला, तेव्हा पावसानंतरच्या पाचोळ्याचा वास आला, आणि घोट गिळल्यावरही चव कितीतरी वेळ जिभेवरून हलेना. दोन्ही शेतांमधलं अंतर विचारलं. तळघरवाल्या बाईंनी दारातून उताराकडे बोट दाखवलं: मध्ये फक्त एक पायवाट.