रान तासगावला, मतदान न्यू जर्सीत: अमेरिकेच्या नागरिकत्वाचा माझा अनुभव

अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायचं म्हटलं की आमच्या सांगलीकडची माणसं दोन गोष्टींनी धास्तावतात. एक परीक्षा, दुसरी म्हणजे गावाकडचं रान हातचं जाईल ही भीती. या वाटेनं गेल्यावर माझं मत पक्कं झालंय की या दोन्हींत फारसं काही अडत नाही. अडतं ते तारखांत, करात आणि नावात.

तारखा आधी. ग्रीन कार्डाला, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याला, पाच वर्षं झाली, की नागरिकत्वासाठीचा एन-४०० हा अर्ज भरता येतो. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि दोघं एकत्र राहत असाल तर तीन वर्षं. मुदत भरण्याच्या ९० दिवस आधीपासून अर्ज घेतात. पाच वर्षांपैकी निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो सलग वास्तव्याचा, आणि द्राक्ष बागायतदाराच्या घरात तो हमखास होतो. ऑक्टोबर छाटणीला आलेला माणूस विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) करत थांबतो. माल बेदाण्याला टाकला, की शेडवरून उतरवून प्रतवारी होईपर्यंत एप्रिल उजाडतो. एकाच फेरीत सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की वास्तव्य तुटलं असं धरलं जातं. मग घर, नोकरी, कर, कुटुंब सगळं तिकडंच होतं हे कागदांनी पटवून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर तेही चालत नाही, मोजणी नव्यानं सुरू होते. री-एंट्री परमिट, म्हणजे जास्त काळ बाहेर राहून परत येण्याचा परवाना, ग्रीन कार्ड सांभाळतो, ही मोजणी नाही. म्हणून छाटणीला एकदा या, परत जा, मालाला पुन्हा या. तिकिटाचा खर्च वाढतो, पण वर्षं वाचतात.

अर्जात पाच वर्षांतली प्रत्येक परदेशवारी तारखेसह लिहायची असते. पासपोर्टवरचे शिक्के पुसट असतात, तेव्हा तिकिटांचे ई-मेल शोधून आधी तक्ता करा आणि मगच अर्जाला हात घाला. एप्रिल २०२४ पासून शुल्क ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६० डॉलर आहे.

कराचं दुखणं जास्त खोल आहे. द्राक्षाचं उत्पन्न भारतात आयकरमुक्त असतं, म्हणून ते अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवायचं नाही, असा समज आपल्याकडं सर्रास आहे. ग्रीन कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. त्यात सांगलीतल्या ठेवींचं व्याज आलं, गाळ्याचं भाडं आलं, रानाचा तुमचा वाटाही आला. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाची परदेशी खात्यांची वेगळी माहिती अमेरिकेच्या सरकारकडं भरावी लागते. मुलाखतीत कराची थकबाकी विचारतात. जुनी विवरणपत्रं चुकली असतील तर अर्जाआधी जाणकार सीएकडून दुरुस्त करून घ्या.

नावाचं सांगतो. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. एन-४०० मध्ये नाव बदलून घेण्याची सोय आहे, आणि पुष्कळजण मधलं नाव गाळून मोकळे होतात. मी ते गाळू नये या मताचा आहे. सातबाऱ्यावर, बँकेत, आईवडिलांच्या मृत्युपत्रात पूर्ण नाव असतं. पुढं प्रत्येक ठिकाणी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. बायकांच्या कागदांत तर माहेरचं नाव वेगळंच.

परीक्षा तोंडी असते. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना अमेरिकेचा इतिहास आणि कारभार यांवरच्या १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर हवेत. इंग्रजीसाठी समोर आलेलं वाक्य मोठ्यानं वाचायचं, दुसरं ऐकून लिहायचं. तीनांतलं एक जमलं तरी पुरे. वय ६५ आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं झालेल्या आईवडिलांना इंग्रजीची सक्ती नाही. दुभाषा घेऊन मराठीत उत्तरं देता येतात आणि प्रश्नही निवडक वीसांतूनच येतात.

नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड परत द्यावं लागतं. मिळालेल्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख तिथल्या तिथं वाचून बघा. ते लॅमिनेट करू नका. मग क्रम असा: अमेरिकन पासपोर्ट, भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचं प्रमाणपत्र, त्यानंतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळं शपथेनंतर जुन्या पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा ठरतो. गणपतीच्या तोंडावर शपथ आली असेल तर गावची तिकिटं आधी काढून ठेवू नका.

रानाचं म्हणाल तर, अनिवासी भारतीय असतानाही शेतजमीन विकत घेता येत नव्हती, आताही येत नाही. वारसानं मात्र येते, ओसीआयधारकालाही. तलाठ्याकडं किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर वारस नोंदीचा अर्ज, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मग मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतात. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. व्यवहार भावावर सोपवायचा असेल, तर तिकडं केलेलं कुलमुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरा. हे राहिलं की ऐन वेळी दस्त अडकतो.

आता मतदान. शपथेआधी मतदार म्हणून नोंदणी होऊ देऊ नका, ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर चुकून झालेली खूणही नको. त्यावरून देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शपथेनंतर मात्र लगेच करा. न्यू जर्सीत निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंत नाव नोंदवता येतं. मतपत्रिकेवर काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे) शेरीफ, क्लार्क, बहुतेक गावांत शाळा मंडळाचे सदस्यही असतात. नमुना मतपत्रिका घरी येते, ती बसून वाचा. शाळा मंडळाच्या सभेत ग्रामसभेसारखं उठून बोलता येतं. आपली माणसं पोरांच्या मार्कांबद्दल घरात तासन्‌तास बोलतात आणि अर्थसंकल्प ठरतो त्या सभेला फिरकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोर्टातल्या ज्यूरीचं, म्हणजे निवाड्यासाठी बसणाऱ्या नागरिकांच्या गटाचं, बोलावणंही येईल. ते टाळू नका. आणि तासगावच्या मतदार यादीतलं नाव नमुना ७ भरून कमी करून घ्या, घरच्यांनी आठवण करायची वाट न बघता.