एका नटाचा माग: नोंद सातवी, एडमंड

मागच्या वेळी हॅम्लेटवर थांबले होते. मधल्या काळात मार्चएंडिंगने जीव काढला, त्यामुळे वही दीड महिना मिटलेलीच होती. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: एक नट धरायचा, त्याचं हाती लागेल तेवढं काम कालक्रमाने बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढाच माझा छंद. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात लंडनच्या नॅशनल थिएटरच्या नाटकांची चित्रीकरणं मोठ्या पडद्यावर दाखवतात, तिथे ही खोड लागली. मी धरलाय पापा एसीएडू. नावावरून घरात पुरेशी करमणूक झालेली आहे, तुम्ही नाही केलीत तरी चालेल.

जन्म 1990, लंडन, आईवडील मूळचे घानाचे. शिक्षण लंडनच्याच गिल्डहॉल या नाट्यशाळेत. 2025 मध्ये एचबीओच्या नव्या हॅरी पॉटर मालिकेत स्नेपसाठी त्याचं नाव जाहीर झालं, तेव्हापासून भाचरंसुद्धा विचारायला लागली आहेत, 'तुझा तो हाच का?' हो, हाच. पण मी अजून 2016 मध्येच आहे आणि घाई करणार नाही.

या वेळी रॉयल शेक्सपिअर कंपनीचा 'किंग लिअर' पाहिला. दिग्दर्शक ग्रेगरी डोरन, लिअर अँटनी शेर, आणि ग्लॉस्टर या सरदाराच्या अनौरस, बापाला फसवणाऱ्या मुलाच्या, एडमंडच्या भूमिकेत आपला नट. एका शनिवारी दुपारी सलग पाहिला आणि रविवारी फक्त एडमंडचे प्रवेश पुन्हा. दुसऱ्या फेरीला श्रेयनामावलीवर थांबले आणि चहा गार होईपर्यंत थांबूनच राहिले. ग्लॉस्टर: डेव्हिड ट्रॉटन.

का थांबले ते सांगायला दोन वर्षं मागे जावं लागेल. 2014, लंडनचं नॅशनल थिएटर. नाटक हेच, दिग्दर्शक सॅम मेंडिस, लिअर सायमन रसेल बील. एडमंड करत होता सॅम ट्रॉटन. एसीएडू बर्गंडीचा ड्यूक. ज्यांनी नाटक वाचलंय त्यांना बर्गंडी आठवेलच असं नाही. पहिल्याच प्रवेशात येतो, लिअरच्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला हुंडा मिळणार नाही म्हटल्यावर लग्नाला नकार देतो आणि जातो, तो परत येत नाही. मोजक्या ओळी. पण तो एडमंडचा बदली नटही होता. एका प्रयोगात सॅम ट्रॉटनचा आवाज मध्येच बसला आणि उरलेला एडमंड एसीएडूने केला. अर्धा प्रयोग झालेला, प्रेक्षकांनी एक एडमंड मनात बसवलेला, आणि आता दुसराच माणूस येऊन त्याच बापाला फसवणार.

डेव्हिड ट्रॉटन हा त्या सॅमचा सख्खा बाप. म्हणजे 2014 मध्ये ज्याची जागा ऐनवेळी घेतली, 2016 मध्ये त्याच्याच वडिलांचा मुलगा व्हायचं, आणि तेही अनौरस! नाटककाराने हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अति होतंय. ग्लॉस्टर पहिल्याच पानावर थट्टेच्या सुरात या मुलाच्या जन्माची गोष्ट सांगतो आणि एडमंड शेजारी उभा राहून ऐकतो, ती मिनिटं मी रविवारी तीनदा पाहिली. पडद्यावर त्या योगायोगाचं काही दिसतं का? नाही. मीच दिसतंय असं मानून घेत होते.

बदली नटाबद्दल मला जरा जास्तच माया आहे हे कबूल. आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये मी कायमची प्रॉम्प्टर. कामगार कल्याणच्या स्पर्धेत एकदा आमच्या नाटकातली आत्याबाई तापाने फणफणली आणि 'तुझं पाठ आहेच की' म्हणून मला तिचं लुगडं नेसवलं. पाठ होतंच, सगळ्यांचंच पाठ होतं. घोळ असा झाला, की समोरच्याची वाक्यं मी त्याच्याबरोबर पुटपुटत होते. ओठ हलताना तिसऱ्या रांगेपर्यंत दिसले म्हणे. संवाद येणं वेगळं आणि समोरच्याचं पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकणं वेगळं, हे त्या रात्री कळलं.

एसीएडूचं ऐकणं बघाच. हॅम्लेटमध्येही तेच होतं. सायमन गॉडविनचा तो प्रयोग पश्चिम आफ्रिकेची आठवण करून देणाऱ्या दरबारात घडतो, राजपुत्र कपड्यांवर रंग उडालेला चित्रकार, सगळं अंगावर येणारं. पण मला लक्षात राहिला तो दुसरा बोलत असताना मान किंचित कलती करून थांबणारा मुलगा. तेव्हा तो 25 वर्षांचा होता, आणि रॉयल शेक्सपिअर कंपनीचा पहिला कृष्णवर्णीय हॅम्लेट. याच दोन भूमिकांसाठी, हॅम्लेट आणि एडमंड, त्याला इयन चार्ल्सन पुरस्कार मिळाला. अभिजात नाटकांतल्या कामासाठी, तिशीच्या आतल्या नटांना देतात तो.

आता चार्ल्सन कोण, हेही बघा. 1989 मध्ये नॅशनल थिएटरलाच डॅनियल डे-लुईस हॅम्लेट करत होता आणि एका प्रयोगात अर्ध्यातून निघून गेला. त्या रात्री जेरेमी नॉर्थमने बाकीचा प्रयोग निभावला आणि पुढे ती भूमिका इयन चार्ल्सनने घेतली. एड्सने आजारी होता. जानेवारी 1990 मध्ये गेला, चाळिसाव्या वर्षी. म्हणजे पुरस्कारही दुसऱ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाच्या नावाचा. वहीत या पानाच्या समासात मी लाल पेनाने 'बदली' एवढंच लिहिलंय.

प्रत्यक्ष कामाची प्रगती: एडमंडचं पहिलं स्वगत मराठीत करायला घेतलंय. कुठे सादर करायला नाही, हात फिरावा म्हणून. इंग्रजीत तिथे 'ब'चा मारा आहे. बेस, बेसनेस, बॅस्टर्डी, पुन्हा बेस, बेस. दर वेळी ओठ मिटून फुटतात, जणू शिवी तोंडातून बाहेर ढकलतोय. मी पहिल्यांदा 'नीच', 'हीन', 'अनौरस' वगैरे लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. पंचायतीचा ठराव वाचतेय असं वाटलं. चौथ्या प्रयत्नात हे जमलं:

'बट्टा? बट्टा कशाचा? बाप असून बेवारशी?'

हे आरशासमोर म्हणून पाहिलं, ओठ बरोबर फुटतात. मग तो म्हणतो, भावाहून बारा-चौदा महिन्यांनी मागून जन्मलो म्हणून मी कमी का? इथे आपल्याकडे तयारच शब्द आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा, आणि ज्याचं वजन एका माशाने कमी भरतं तो अक्करमाशा. तेव्हा: 'बारा मास उशिरा आलो, म्हणून अकरा मासे भरलो?' ही ओळ बँकेच्या पासबुकाच्या मागे, लोकलमध्ये, मुलुंड ते ठाणे यांच्या मध्ये सुचली आणि मी शेजारच्या बाईकडे बघून उगाच हसले. 'औरस' हा शब्द तो जिभेवर घोळवून घोळवून त्याची टर उडवतो, ते मात्र अजून साधत नाहीये. आपला 'औरस' मुळात कुणी बोलतच नाही, मग त्याची टर कशी उडणार? सुचलं तर सांगा.

पुढचं पडद्यावरचं काम या वहीत थोडक्यात येईल. 2020 ची 'आय मे डिस्ट्रॉय यू' ही मालिका मी आधीच पाहून ठेवली होती (कालक्रम मोडला, माफ करा). गिल्डहॉलमधलीच मायकेला कोल हिने लिहिलेली. त्यात आपला नट, म्हणजे क्वामे, पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जातो तो प्रसंग बघाच. समोरच्याला शब्द सापडत नाहीत आणि याची वाक्यं अर्ध्यातच विरतात. 'ब्लॅक मिरर' मालिकेतला त्याचा सैतान, बोनी एम या डिस्को गटातल्या कलाकाराच्या वेशातला, मला गंमत म्हणून आवडला, त्याहून जास्त नाही.

दुखणं वेगळंच आहे. 2022 चं ओल्ड व्हिक नाट्यगृहातलं नाटक 'अ नंबर', ज्यात त्याने एकाच बापाचे तीन मुलगे केले (पुन्हा बाप, पुन्हा मुलगा!), आणि 2023 चं 'द इफेक्ट' माझ्या हाती लागलेलं नाही. संहिता आणि छायाचित्रं यांवर भागवतेय. आणि सगळ्यात जी रात्र मला हवी आहे, 2014 ची, आवाज बसला ती, ती तर कुठल्याच यादीत नाही. कॅमेरे आले ते वेगळ्याच प्रयोगाला. तिथे तो चार ओळी बोलून, हुंड्याचा हिशेब करून, बाहेर जाणारा बर्गंडी.

तो बर्गंडी तरी पाहायचा आहे. नॅशनल थिएटरच्या लंडनच्या संग्रहात वेळ ठरवून, तिथे बसून जुनी चित्रीकरणं पाहता येतात. नणंदेची मुलगी तिकडे शिकायला गेली आहे, तिला गळ घातली आहे. ती म्हणाली, 'मामी, साडेतीन तास?' मी म्हटलं, पहिला प्रवेश बघ आणि ऊठ.

तोवर एक विनंती. माझ्या डीव्हीडी प्लेअरचा ट्रे अर्ध्यावर अडकतोय, चमच्याने ओढून काढावा लागतो. दुरुस्तीवाला म्हणतो, आता याचे पार्ट येत नाहीत. ठाणे-डोंबिवलीत कुणाकडे चालू स्थितीतला पडून असेल तर कळवा, येऊन घेऊन जाईन.