‘लिब’ फोल्डरमध्ये कोण कोण राहतंय?

२०१९च्या पुरानंतर आम्ही तिघांनी सांगलीत एक छोटं ॲप केलं. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते टाकायचं, की कुठल्या गल्लीपर्यंत ते येऊ शकतं हे नकाशावर रंगतं. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे सांगलीकराला शिकवावं लागत नाही. कोड पहिल्यापासून खुला, एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे कॉपीराइटची ओळ ठेवून कुणीही वापरावा.

गेल्या वर्षी एकाला तेच ॲप त्याच्या गावच्या नदीसाठी वापरायचं होतं. त्यानं विचारलं, “तुमच्या ‘लिब’मध्ये आठ फोल्डर आहेत. ते कुणाचे, कुठल्या व्हर्जनचे?” ‘लिब’ म्हणजे लायब्ररींचा, दुसऱ्यांच्या तयार कोडचा फोल्डर. आम्ही तिघंही गप्प.

हे शोधून नोंदवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वाटलं, एका रविवारात उरकेल. दीड महिना लागला.

सुरुवात लीफलेट या नकाशाच्या लायब्ररीपासून केली, कारण नकाशा त्याच्यावरच चालतो. त्याच्या मिनिफाय केलेल्या (आकुंचित) फाइलच्या डोक्यावर व्हर्जन आणि कॉपीराइटची ओळ असते. ती कुणी उडवू नये म्हणून तिथं मुद्दाम खूणही असते. ॲप बांधणाऱ्या आमच्या घरगुती स्क्रिप्टनं ती उडवलीच होती. मग जुनी रिलीज एकेक करून उतरवली आणि डिफ लावत, म्हणजे दोन फाइलींतला फरक बघत बसलो. १.७.१ तंतोतंत जुळली, फक्त नकाशावरच्या स्केलची (अंतराच्या पट्टीची) एक ओळ सोडून. मिरजेच्या मित्राला फोन लावला.

“आरं, ते मीच बदललंय. ‘केएम’ नको, ‘किमी’ पायजे म्हणालेलास की तू!”

म्हणालो होतो खरा. कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, मेसेज काय? ‘चालतंय आता’. मी न बघता नव्या १.९.४ वर उडी मारली असती तर ‘किमी’ गुपचूप गेलं असतं.

बाकीचं भराभर सांगतो. एका फंक्शनवर ‘नेटवरून घेतलं’ एवढीच कॉमेंट होती. शोधलं तर स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचं निघालं. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या शेअरअलाइक लायसन्सखाली (बदललं तरी त्याच अटींवर वाटायचं) असतो, तो आमच्या एमआयटीत तसाच मिसळता येत नाही. डोकं न लावता नव्यानं लिहिलं, बारा ओळींचं तर होतं. देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सचा, म्हणजे लायसन्सची प्रत फॉन्टसोबत हवी. आम्ही नुसता फॉन्ट उचललेला. आणि नकाशाच्या कोपऱ्यातलं, नकाशाचा डेटा देणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय आम्हीच झाकलं होतं, बटण त्याच्यावर येतंय म्हणून. याची मात्र लाज वाटली. बटण हलवलं.

नोंदी ठेवायच्या कुठं, इथं मी चुकलो. आधी सगळ्यांची मिळून एक स्प्रेडशीट केली. आठवड्यात मित्रानं नवी लायब्ररी टाकली आणि शीट उघडलीसुद्धा नाही. त्याला काय बोलणार, मीही उघडली नसती. मग प्रत्येक फोल्डरमध्येच एक साधी टेक्स्ट फाइल ठेवली: नाव, कुठून घेतलं, व्हर्जन, लायसन्स, आणि आम्ही काय बदललं. शेजारी मूळ लायसन्सची फाइल जशीच्या तशी. ज्या फोल्डरात ही फाइल नाही, त्याची पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडात घ्यायची विनंती) आता तपासणीतच अडकते. लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायची एमआयटी आणि बीएसडीची (लीफलेटचं लायसन्स) अट लोकांना दिलेल्या प्रतीलाही लागते, म्हणून ॲपमध्ये ‘आमच्याविषयी’च्या खाली सगळी लायसन्सं दिसतात. तिथं कुणी फिरकत नाही, ते सोडा.

लोक लायसन्सच्या रकान्याची धास्ती घेतात. माझ्या मते ‘काय बदललं’ हा रकाना जास्त कामाचा, कारण बाकीचं सगळं बाहेर शोधून सापडतं, हे फक्त आपल्यालाच माहीत असतं. आणि तेही दोन पावसाळ्यांपुरतंच.

‘किमी’ची ओळ शेवटी आम्ही लीफलेटमधून काढून आमच्याच फाइलमध्ये आणली. आता तिथं १.९.४ आहे, आणि रकान्यात मित्रानं लिहिलंय: ‘बदल: काही नाही. शप्पथ.’