स्पेस ट्रकिननंतरची भैरवी

‘स्पेस ट्रकिन’ संपलं की भैरवी सुरू होते. गेली पस्तीस वर्षं माझ्या डोक्यात हाच क्रम पक्का आहे.

परवा दुपारी इस्त्री करत बसलो होतो. मोबाईलवर डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा ‘मशीन हेड’ लावला होता. सात गाण्यांचा अल्बम. सातवं, म्हणजे ‘स्पेस ट्रकिन’, संपलं आणि शर्टाच्या कॉलरवर इस्त्री तशीच धरून मी थांबलो. आता पेटीचा सूर यायला हवा होता. आली ती भलत्याच कुणाची तरी गिटार, ‘तुम्हाला हेही आवडेल’ अशा आगाऊपणाने मोबाईलने आपणहून लावलेली. कॉलरवर पिवळा डाग पडला तो पडलाच.

कॅसेटवाल्या पिढीला हे समजावून सांगायची गरज नाही. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. ‘मशीन हेड’ साधारण साडेसदतीस मिनिटांचा, पिंक फ्लॉईडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ त्रेचाळीसच्या आसपास. म्हणजे एका कॅसेटीत दोन आख्खे अल्बम, आणि मागे उरलेलं किडुकमिडुक. साठच्या कॅसेटीत हे जमत नाही, अल्बमचे दोन तुकडे होतात आणि गाणं ऐन रंगात आलेलं असताना बटण खाटकन वर येतं. माझ्या एका मित्राच्या लेखी अजूनही कितीतरी गाणी अर्धीच आहेत. पूर्ण गाणं ऐकवलं की तो म्हणतो, हे नंतर चिकटवलेलं दिसतंय.

सांगलीत 1990 साली रॉक म्हणजे विश्रामबाग. तिथे वालचंद कॉलेज, कॉलेजचं हॉस्टेल आणि हॉस्टेलवर मुंबईहून आलेली मुलं. त्यांच्याकडे कॅसेटी असत. माझ्या मित्राचा चुलतभाऊ तिथे मेकॅनिकलला होता आणि त्याच्या खोलीत डबल डेक होता, एका कॅसेटीवरचं दुसरीवर उतरवून घ्यायला. अट एकच, कोरी कॅसेट आपली आपण आणायची. आता अकरावीतल्या पोराकडे नव्वदच्या कोऱ्या कॅसेटीचे पैसे कुठून असणार? घरात अण्णांच्या कॅसेटींचा खण होता. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीवर अखिल भारतीय संगीत कार्यक्रम लागायचा. अण्णा रेडिओसमोर घड्याळ ठेवून बसायचे, टेप संपत आली की एका दमात बाजू पालटायचे. त्या पालटण्यात एखादी तान हुकली तर रविवारचा चहासुद्धा त्यांना गोड लागत नसे. अशा चाळीसेक कॅसेटी. त्यातली एक गेली तर काय कळणार आहे, असं मी स्वतःला पटवलं आणि एक उचलली. वरून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून तिचं लॉक अण्णांनी तोडून ठेवलं होतं, म्हणजे ती त्यांच्या खास मर्जीतली होती हे उघड होतं. मी खळग्यांत कागदाचे बोळे कोंबले.

तर ए बाजूला पिंक फ्लॉईड, बी बाजूला डीप पर्पल. आणि ‘स्पेस ट्रकिन’ संपल्यावर खट् असा आवाज होऊन जुन्या रेकॉर्डिंगमधली उरलेली भैरवी. शेवटची सात मिनिटं. तीही बोल अर्ध्यावर असताना सुरू होणारी, जणू आपण मैफलीत उशिरा शिरलोय आणि लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढतोय.

मी ती सात मिनिटं पुढे ढकलायला हवी होती. पण ढकलायला उठावं लागायचं. आमचा प्लेअर कपाटावर आणि मी पलंगावर. त्यामुळे दर वेळी डीप पर्पलची मैफल शास्त्राप्रमाणे भैरवीनेच संपायची.

चोरी उघडकीला आली ती दोनेक महिन्यांनी. शनिवार होता, रेडिओवर त्या दिवशी कुणीतरी अण्णांच्या नावडीचे बुवा होते, म्हणून त्यांनी खणातून नेमकी तीच कॅसेट काढून लावली. ए बाजू. ज्यांनी ‘डार्क साइड’ ऐकलाय त्यांना माहीत आहे, तो सुरू होतो तेव्हा काहीच सुरू होत नाही. फक्त अगदी दुरून छातीचे ठोके येतात. अण्णांना वाटलं आवाज कमी आहे. त्यांनी वाढवला. ठोकेच. मशीन बिघडलं म्हणून वर दोन टपल्या मारल्या, आवाज आणखी वाढवला, आणि स्पीकरला कान लावला. नेमकी त्याच वेळी ती बाई किंचाळते.

आई स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन धावत आली. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, काय झालं हो? मी गच्चीवर पळालो.

खाली आलो तेव्हा घरात शांतता होती. अण्णांनी बाजू पालटली होती आणि ते टेप पुढे पळवत, थांबवत, ऐकत, पुन्हा पळवत होते. डीप पर्पलचा एक एक तुकडा कानावर घेत शेवटी ते भैरवीपाशी पोचले. सात मिनिटं खाली मान घालून ऐकली. टेप संपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “भैरवी तेवढी ठेवलीस. बरं केलंस.”

मी ठेवली नव्हती. उरली होती. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही.

त्यानंतर झालं असं की अण्णा माझं संगीत येता-जाता ऐकायला लागले. म्हणजे मुद्दाम नव्हे, दाढी करताना वगैरे. ‘मशीन हेड’मधल्या ‘लेझी’च्या सुरुवातीला पर्पलच्या जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन आहे. तो एकटाच गुरगुरत, रेंगाळत, आळोखेपिळोखे देत बराच वेळ वाजत राहतो. अण्णा तोंडाला फेस लावलेला तसा बाहेर आले. “पेटीवाला बरा आहे रे.” लॉर्ड तो ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून त्याला तशी धार यायची, हे मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं. “म्हणजे पेटी फाटकीच,” असं म्हणून ते परत आरशाकडे गेले.

फ्लॉईडचं ‘मनी’ तर त्यांनी दोन आवर्तनांत धरलं. नाण्यांचा आणि गल्ल्याचा तो खणखणाट सुरू झाला की त्यांची बोटं मांडीवर पडायला लागायची. सात मात्रा! “रूपक लावलाय तुझ्या लोकांनी.” मला तोवर त्यातलं काही कळलं नव्हतं, मी आपला मान हलवत होतो. आणि मधे गिटारचा सोलो येतो तिथे ते गाणं सरळ चारात जातं. तिथे अण्णांचा हात थांबला. “सोडला. दम संपला वाटतं.” हॉस्टेलवर मी हे निरीक्षण स्वतःचं म्हणून खपवलं. मला त्यावर एक समोसा मिळाला.

हॉस्टेलवर मान मिळवणं सोपं नव्हतं. तिथे सोवळंओवळं कडक. लेड झेपेलिनवाले स्वतःला घराणेदार समजायचे. ब्लॅक सबाथवाले कमी बोलायचे आणि दाढी राखायचे. बॉन जोव्ही ऐकणाऱ्याला पंगतीत घ्यायचे, पण शेवटच्या पाटावर. “तुझा बँड कोणता?” असा प्रश्न मुंजीत गोत्र विचारावं तसा यायचा. मी छाती फुगवून सांगायचो, पर्पल. का, तर माझ्याकडे तेवढीच कॅसेट होती. फ्लॉईडही होतं, पण फ्लॉईड सगळ्यांचंच होतं, ते काही गोत्रात धरत नसत. आमच्या घरात बोनी एमची, म्हणजे चक्क डिस्कोचीही एक कॅसेट होती आणि ती मला तोंडपाठ होती, हे मात्र मी आजतागायत त्या मंडळींपैकी कुणाला सांगितलेलं नाही.

इंग्रजीची बोंब होती. शाळा मराठी माध्यमाची. मी एका दोनशेपानी वहीत गाणी देवनागरीत उतरवून काढायचो, ऐकू येतील तशी. पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’मध्ये फ्रँक झॅपा आणि मदर्स असा उल्लेख आहे. माझी ठाम समजूत होती की हा झॅपा नावाचा गृहस्थ आपल्या आयांना घेऊन तळ्याकाठी आला आहे. एकापेक्षा जास्त आया का, याचंही उत्तर मी शोधलं होतं: एक सावत्र असणार. मदर्स हे त्याच्या बँडचं नाव, हे कळेपर्यंत मी बी.कॉम. झालो होतो. गोष्ट तशी खरीच घडलेली. 4 डिसेंबर 1971. स्वित्झर्लंडमधलं माँत्रू, तिथला कॅसिनो, झॅपाचा कार्यक्रम चालू, आणि प्रेक्षकांतल्या कुणा दीडशहाण्याने छताकडे फ्लेअर गन उडवली. कॅसिनो जळाला. डीप पर्पल तिथेच रेकॉर्डिंग करायला आलं होतं; तळ्यावर पसरलेला धूर त्यांनी बघितला. मग हिवाळ्यासाठी बंद पडलेल्या एका थंडगार हॉटेलच्या बोळात गाद्या लावून त्यांनी हा अल्बम उरकला. रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी भाड्याने बाहेर उभी. मला ही हकिकत फार आवडते. लग्नाचा हॉल ऐनवेळी रद्द झाला म्हणून शाळेच्या व्हरांड्यात पंगत मांडावी, आणि लोकांनी पन्नास वर्षं त्याच जेवणाची आठवण काढावी, तसलं काहीतरी.

नववीत आमची सहल पाचगणीला गेली होती. टेबल लँडवर घोड्यावर बसून फोटो, सरबत, परतीच्या एसटीत ओकाऱ्या. ज्या गावात आम्ही ओकलो त्याच गावातल्या सेंट पीटर्स शाळेत 1950च्या दशकात फारूख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकला, हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत होता, आणि पुढे क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला, हे आमच्या एकाही सरांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही सरबतच प्यायलो असतो म्हणा. पुढे त्याचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ घरात वाजायला लागलं तेव्हा आई एकदा निवडत असलेल्या तांदळातून मान वर करून म्हणाली, “हा मेला मधेच बिस्मिल्ला म्हणाला का रे?” म्हणाला होता. शब्द न शब्द वहीत उतरवणाऱ्या मला तो ऐकू आला नव्हता.

माझी मुलगी सगळं ऐकते. कोरियन, पंजाबी, अभंग, मेटल, एकामागून एक, कुठल्याही क्रमाने. तिला गोत्र नाही. मी तिला अल्बम क्रमाने ऐकण्याचं महत्त्व सांगायला गेलो की ती म्हणते, “बाबा, तुम्ही पण डीप पर्पलनंतर भैरवीच ऐकत होतात ना?” याला उत्तर नाही. तरी मला निवडक गाण्यांचे संग्रह आवडत नाहीत ते नाहीतच. अल्बमच्या शेपटाला जोडलेली ‘बोनस’ गाणीही नकोत. भैरवी झाल्यावर बुवांनी पुन्हा पेटी ओढून घ्यावी तसं वाटतं.

तर परवाच्या त्या डागानंतर मी माळ्यावर चढलो. कॅसेट सापडली. प्लेअरही सापडला, पण त्याच्या आतल्या रबरी बेल्टचं डांबर झालं होतं. दुरुस्तीवाल्याने नवा बेल्ट घातला, पैसे घेतले आणि वर “कशाला काका?” असं विचारलंही. घरी आणून बी बाजू लावली. मुलीने मोबाईलमधलं गाणं ओळखणारं ॲप समोर धरलं. ‘स्पेस ट्रकिन’ त्याने चुटकीसरशी ओळखलं. मग खट् झालं, भैरवी आली, मोबाईलवर ती वर्तुळं फिरत राहिली, फिरत राहिली, आणि शेवटी काही सापडलं नाही म्हणाला.

तेव्हा लक्षात आलं, मलाही माहीत नाही. गाणारं कोण, हे मला इतक्या वर्षांत माहीत नाही. निवेदिकेने सुरुवातीला नाव घेतलं असणार. ते पिंक फ्लॉईडखाली गेलं. शेवटी पुन्हा घेतलं असणार. तोवर टेप पुरली नाही.

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. कानाला मशीन आहे. प्लेअर त्यांच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवला, टेप मागे घेतली. “अण्णा, जरा ऐका. हे कोण गातंय ते सांगा.”

ते ऐकत राहिले. पहिल्या एक-दोन मिनिटांत काही नाही. मग हात खुर्चीच्या दांड्यावर पडायला लागला. दीपचंदी, चौदा मात्रांचा ताल. पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला टाळी, चौथ्या मात्रेची टाळी, आठवीला हात उताणा, अकरावीला पुन्हा टाळी.

“कोण आहे?” मी विचारलं.

“तुझ्याच लोकांपैकी असेल,” ते म्हणाले. “कॅसेट तुझी ना?”

मी म्हटलं, नाही अण्णा, तुमची. तुमच्या खणातली. मी त्यावर माझं भरलं होतं. भैरवी मी ठेवली नव्हती, ती आपली उरली होती.

त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. हात चालूच होता. आठवी मात्रा आली, हात उताणा झाला, आणि टेप संपली. बटण खाटकन वर आलं. मी प्लेअर बंद करायला वाकलो. अण्णांचा हात तसाच उताणा, अधांतरी. मग अकरावीला तो दांड्यावर पडला. नंतर चार मात्रा खोलीत पंख्याचा आवाज होता. आणि सम.

“चहा टाकलाय का कुणी?” अण्णा म्हणाले.