उतरायला तीनशे, चढायला दहा

आमच्या इंटरनेट कंपनीचं नवं दरपत्रक आलंय, आणि ते वाचल्यापासून मला आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या केबलवाल्या दादाची फार आठवण येतेय.

पेनसिल्व्हेनियातल्या या डोंगराळ गावात घरापर्यंत केबल आणणारी कंपनी एकच, आणि तीही छोटी. तिचे प्लॅन तीन: 100, 300 आणि 1000 एमबीपीएस. आम्ही मधला घेतलाय. महिन्याला 75 डॉलर, वर मोडेमचं भाडं 12. रुपयांत हिशेब करू नये असं इथे आल्यावर सगळे सांगतात, मी करतेच. पण पैशांपेक्षा मला लागलं ते अपलोड, म्हणजे घरून बाहेर पाठवायचा वेग. 300 च्या प्लॅनला अपलोड फक्त 10! नवरा आणि मी दोघंही घरून काम करतो. दोघांच्या मीटिंगा एकदम आल्या की एकाचा चेहरा गोठलाच म्हणून समजा.

असं का, ते मी शोधून काढलं. या भागात 1940 च्या दशकाच्या शेवटी डोंगरावर अँटेना लावून खाली घराघरांत टीव्ही पोचवायला केबल आली. सगळी रचना खाली पाठवण्याची. चित्रवाहिन्या 54 मेगाहर्ट्झ वारंवारतेपासून वर, आणि घराकडून उलट जाणाऱ्या सिग्नलला 5 ते 42 मेगाहर्ट्झ एवढीच अरुंद पट्टी. ती पट्टीही एका नोडवरच्या, म्हणजे वस्तीतल्या एका जोडणी-पेटीवरच्या, सगळ्या घरांनी वाटून घ्यायची. बरं, 100 वाल्याची आणि 1000 वाल्याची वायर एकच असते. मोडेम चालू होताना कंपनीकडून एक छोटी फाईल उतरवून घेतो, तिच्यात तुमची वेगमर्यादा लिहिलेली असते. त्यामुळे डाउनलोड वाढवणं बहुतेकदा एका फोनचं काम. अपलोडला मात्र पट्टीच रुंद करावी लागते.

आणि आमचा दादा? त्यानं जुनी जाड वायर काढून गल्लीत फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची वायर, ओढली त्याला बरीच वर्षं झाली. तिथे एका धाग्यावर खाली सेकंदाला 2.5 गिगाबिट (म्हणजे 2500 एमबीपीएस), वर 1.25, आणि ते बत्तीस-चौसष्ट घरांत वाटायचं. म्हणून आईला 100 खाली आणि 100 वर मिळतं, जीएसटीचे 18 टक्के धरून महिन्याला सातशेच्या आत! व्हिडिओ कॉल अडखळला की आई काळजीनं म्हणते, "आमचं नेट गंडलंय वाटतं गं." आई, तुझं नेट उत्तम आहे. अडकतं ते अमेरिकेतून वर चढताना.

नेट गेलं की आई त्याला फोन करते. "काकी, लाल लाईट लागलीय काय बघा जरा," एवढंच तो विचारतो आणि थोड्या वेळात गाडीवरून पोरगा हजर. 2019 च्या महापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत मावशीच्या घरात पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायचं काम चालू असतानाच हीच पोरं वायरी जोडत फिरत होती. ऑफिसातल्या एकानं कोल्हापुरातल्या खांबावरच्या वायरींच्या जाळ्याचा फोटो बघून तोंड वाकडं केलं, तेव्हा मी त्याला ठणकावून सांगितलं की त्या जाळ्यात काचेचा धागा आहे, तुझ्या घरी अजून तांबं आहे.

एक गोष्ट इथली आपल्याकडे हवीच. सरकारी नियमानं प्रत्येक प्लॅनला लेबल लागतं, खाण्याच्या पुडक्यावर असतं तसं. महिन्याचा दर, जोडणीचा खर्च, मोडेमचं भाडं, नेहमी मिळणारा डाउनलोड आणि अपलोड वेग, डेटाची मर्यादा, सगळं एका चौकटीत. छोट्या कंपन्यांना हे 10 ऑक्टोबर 2024 पासून सक्तीचं झालं. अपलोडचा तो 10 चा आकडा मला तिथेच दिसला. जाहिरातीत फक्त 300. आपल्याकडे डेटा संपल्यावर वेग कितीवर येतो हे दादा तोंडी सांगतो. तो खोटं बोलत नाही, पण कागदावर असायला हवं.

आणि 75 डॉलर म्हणजे लूट असंही मी म्हणणार नाही. राजारामपुरीत शंभर मीटर वायरीवर जेवढी घरं लागतात, तेवढी इथे मैलभरात नाहीत. खांबांचं भाडं वेगळं. इथे लाईट जात नाही, बिलात चूक निघाली तर पैसे परत येतात. आम्ही इथे राहतो त्याला अशी कारणं आहेत, नुसता पगार नव्हे.

कंपनीनं कळवलंय की वर जाणारी पट्टी 42 वरून 85 मेगाहर्ट्झपर्यंत वाढवणार, पुढच्या वर्षी. तोपर्यंत आईचा फोन आला की नवऱ्यानं आपला कॅमेरा बंद करायचा, असं आमच्या घरी ठरलंय.