सहीशिवाय समुपदेशन
आमच्या विद्यापीठात समुपदेशन केंद्र आहे हे पीएचडीला प्रवेश घेतला तेव्हापासून माहीत होतं. माहितीपुस्तिकेत त्याचा फोटो आहे. विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या 'नॅक'ची समिती येणार म्हटलं की बाहेरची पाटीही पुसली जाते. प्रत्यक्ष जायची वेळ आली तेव्हा कळलं की आधी एक अर्ज भरायचा आणि त्यावर विभागप्रमुखांची सही आणायची. माझ्या बाबतीत विभागप्रमुख म्हणजेच गाइड, आणि झोप उडाली होती ती त्यांच्याच केबिनमुळे. घोडं तिथंच अडलं.

फेलोशिप रखडलेली, प्रोग्रेस रिपोर्ट डोक्यावर. पहाटे चारला जाग यायची ती यायचीच. लॅबमध्ये फ्यूम हूडसमोर, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटासमोर, उभा राहून काचेवर मार्करनं लिहिलेली रिॲक्शन पुन्हा पुन्हा वाचायचो, तरी पुढं काय घालायचं ते सुचत नसे. आईचे फोन उचलायचं टाळत होतो, कारण 'जेवलास का?' या प्रश्नालाही खोटं उत्तर द्यावं लागे.

सही नाही तर नाही, निदान विचारून तरी येऊ म्हणून केंद्रावर गेलो. वेळ अकरा ते पाच, म्हणजे ऐन लॅबची. दारात शिपाईमामा आणि त्यांच्यापुढं रजिस्टर: नाव, विभाग, मोबाइल, कारण. 'कारण'च्या रकान्यात वर कुणीतरी 'वैयक्तिक' लिहिलं होतं आणि खालच्या सगळ्यांनी 'वरीलप्रमाणे'. त्यातली दोन नावं माझ्याच विभागातली होती. मला त्यांची वाचता आली, म्हणजे उद्या माझं त्यांना वाचता येणार. तसाच माघारी फिरलो.

रूममेट हिंगोलीचा. त्याच्या गावात आरोग्य केंद्राच्या भिंतीवर १४४१६ हा नंबर रंगवलाय, तो त्यानं मला दिला. 'टेली मानस' ही केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. फोन फुकट, चोवीस तास. भाषा विचारतात, मराठी निवडली. पलीकडच्या ताईंनी आधी झोपेचं, जेवणाचं विचारलं आणि मग अजिबात आडवळण न घेता, "जीव द्यावा असं मनात येतं का?" इतकं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. हा प्रश्न विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. मला तर हायसं वाटलं. त्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जायला सांगितलं.

तिथं सही लागत नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. गर्दी मात्र भरपूर, सकाळी लवकर गेलेलं बरं. डॉक्टरांनी एक छापील कागद पुढं केला: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं, 'अजिबात नाही'पासून 'जवळजवळ रोज'पर्यंत. गोळी सुरू केली आणि बजावलं, की हिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मध्येच मनानं बंद करायची नाही. मग बोलण्यासाठी शेजारच्या खोलीत, मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे.

मला वाटलं होतं उपदेश मिळेल, 'पॉझिटिव्ह राहा' वगैरे. मॅडमनी कागदावर तीन रकाने आखले. काय घडलं, त्या क्षणी मनात काय आलं, अंगात काय झालं. 'सरांनी बोलावलं' याच्यापुढं मी लिहिलं, 'आता काढून टाकणार' आणि 'हात गार'. "आजवर किती वेळा बोलावलं? आणि किती वेळा काढलं?" एवढंच त्यांनी विचारलं. गाइड अजून तेच आहेत. हात अजूनही गार पडतात, पण केबिनचं दार ढकलता येतं.

थोडं सावरल्यावर आम्ही काही संशोधक विद्यार्थ्यांनी कुलसचिवांना अर्ज दिला. सरकारी टेबलावर रडगाणं चालत नाही, 'संदर्भ' चालतो. तेव्हा दोन संदर्भ टाकले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३: उपचारांबाबतची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क. आणि सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निकाल: शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. समुपदेशक आमच्याकडे होत्याच. आमचं म्हणणं एवढंच की त्यांच्यापर्यंत जायच्या वाटेवर इतके पहारे कशाला?

बैठकीत एक साहेब म्हणाले, "उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? सही असली की विभागाला कल्पना असते." त्यांचं भय खोटं नव्हतं. पण सहीला घाबरून जो येतच नाही, त्याची कल्पना कुणाला असते? यावर समुपदेशक मॅडमच आमच्या बाजूनं बोलल्या. जिवाला धोका दिसला तर कुणाला कळवायचं हे त्यांच्या कामाच्या नियमांत आधीपासूनच आहे, त्यासाठी विभागप्रमुख लागत नाहीत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

सही गेली. आता ईमेल करून थेट वेळ घेता येते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मॅडम हॉस्टेलच्या वाचनालयामागच्या खोलीत बसतात. पहिल्या संध्याकाळी कुणी फिरकलं नाही. मुलींच्या हॉस्टेलमधून सुरुवात झाली, मग मुलंही यायला लागली. परीक्षेच्या तोंडावर तर वेळ मिळेना. रजिस्टर काही हटलं नाही, फक्त 'कारण'चा रकाना गेला. नावाऐवजी टोकन नंबर ठेवा, ही मागणी 'विचाराधीन' आहे.

खरी अडचण पुढं आहे. मॅडमची नेमणूक अकरा महिन्यांची, कंत्राटी. ती मेमध्ये संपते आणि नवीन जाहिरात निघेपर्यंत खोलीला कुलूप. ज्यानं मोठ्या मुश्किलीनं बोलायला सुरुवात केली, त्यानं जुलैत नव्या माणसापुढं पुन्हा 'अ'पासून सांगायचं. म्हणून या खेपेला मुदत संपायच्या आधीच मुदतवाढीचा अर्ज दिलाय. आवक विभागाचा शिक्का मारून घेतलेली प्रत रूममेटच्या ट्रंकेत आहे, आणि दर सोमवारी त्या टेबलावर जाऊन विचारायची पाळी आम्ही वाटून घेतली आहे.