न जिंकला तरी चालणारा करंडक

सकाळी सातला अटलांटाहून निघालो आणि तासाभराने अलाबामाची हद्द ओलांडली, तर मोबाइलमध्ये पुन्हा सातच वाजलेले. इथे राज्य बदललं की घड्याळ एक तास मागे जातं. "आत्या, फुकटचा तास मिळाला, शेंगा खाऊ," म्हणत भाच्याने एका टपरीपाशी गाडी थांबवली. उकडलेल्या शेंगा! मोठ्या पातेल्यात खारं पाणी, त्यात रात्रभर शिजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, आणि थर्मोकोलच्या पेल्यात पाण्यासकट वाढायची पद्धत. आमच्याकडे ओल्या शेंगा कुकरला लावतात त्याच चवीच्या, फक्त मीठ अंमळ हात सोडून घातलेलं. एवढ्या लांब येऊन मी शेंगाच खात बसले म्हणून भाचा हसत होता.

निघालो होतो हूवरला. बर्मिंगहॅम शहराच्या दक्षिणेला लागून असलेलं हे गाव. मे महिन्याच्या शेवटी इथे कॉलेज बेसबॉलची एक स्पर्धा भरते. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या विद्यापीठांचा १९३२ साली स्थापन झालेला गट. त्यातल्या संघांची हंगामाअखेरची लढत इथे होते. त्या दिवशी, २५ मे २०२५ला, अंतिम सामना होता. वँडरबिल्ट विरुद्ध ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी आले होते ती भाच्याच्या एका वाक्यामुळे: "आत्या, ही स्पर्धा जिंकायची खरं तर कुणालाच गरज नसते, तरी लोक तंबू ठोकून राहतात."

गरज नसते म्हणजे कसं, ते त्याने गाडीत समजावलं. जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो, हे खरं. पण राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ घेतात, आणि एसईसी इतकी तगडी की तिचे बरेचसे संघ एरवीही त्यात जातात. त्या वर्षी तर सोळापैकी तेरा गेले, हा तोवरचा विक्रमच. खरं लक्ष जूनमध्ये नेब्रास्कातल्या ओमाहाला होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यावर. त्यामुळे इथे कुठला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, वापरायचा आणि कुणाचा हात पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचा, हेच प्रशिक्षकांच्या डोक्यात चालू असतं. आपल्याकडे परीक्षेच्या तोंडावर स्नेहसंमेलन यावं तसं. नाचायचं तर असतं, पण पाय मुरगळून चालणार नसतं.

हूवर मेट हे मैदान १९८८ सालचं. जेमतेम दहा-अकरा हजार प्रेक्षकांचं. शेजारीच मोठाल्या निवासी गाड्यांचा तळ आहे. आम्ही पोचलो तेव्हा तिथे जत्रा भरली होती. प्रत्येक गाडीवर आपापल्या विद्यापीठाचा झेंडा, पुढे छत, छताखाली शेगडी आणि शेगडीवर काहीतरी मांसाचं खरपूस भाजत होतं. काही झेंडे तर आधीच हरून घरी गेलेल्या संघांचे. संघ गेला तरी माणसं सुटी संपेपर्यंत राहिलेली. पंढरपूरला एकादशी उलटल्यावरही वाळवंटात चुली पेटलेल्या असतात, त्याची आठवण झाली.

टोपी मी गाडीतच विसरले, त्याची शिक्षा दुसऱ्या डावापासून कपाळावर जाणवू लागली. शेजारी सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. ओल मिसचा लाल शर्ट, मांडीवर एक जाडजूड वही. दर वाक्यामागे "मॅम" म्हणण्याची इकडची रीत आहे. माझी अडाणी तोंडकळा पाहून त्यांनी आपण होऊन वही माझ्याकडे सरकवली.

ती वही हा माझ्या प्रवासातला सगळ्यात सुंदर ऐवज. पानभर बारीक चौकटी, प्रत्येक चौकटीत मैदानाचा इवलासा चौकोन. बेसबॉलमध्ये जागांना आकडे असतात: पिचर १, कॅचर २, असे ९ पर्यंत. त्यामुळे ६-४-३ असं लिहिलं की सहा नंबरच्या क्षेत्ररक्षकाने, म्हणजे शॉर्टस्टॉपने, चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवाल्याकडे टाकला, त्याने पहिल्याकडे, आणि दोघे बाद, एवढी गोष्ट तीन आकड्यांत मावते. बॅट फिरवून चेंडू हुकला आणि बाद झाला तर के हे इंग्रजी अक्षर. नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तेच अक्षर उलटं, आरशात दिसल्यासारखं. थोड्या वेळाने एक खेळाडू तसाच बघत राहिला. आजोबांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. मी उलटा के काढला तो काहीसा आपल्या "त्र"सारखा दिसत होता. त्यांनी तो तसाच ठेवला.

मग त्यांनी जुनी पानं दाखवली. त्यात एक पान असं की चौकटी संपल्यावर रेघा समासातून पुढच्या पानावर गेलेल्या. २०१९ मधला मिसिसिपी स्टेट आणि एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठ, यांचा सामना, सतरा डाव चाललेला. नऊ डावांत निकाल लागला नाही म्हणून पुढे पुढे जात राहिला आणि पहाटे तीननंतर संपला. मिसिसिपी स्टेट ६-५ने जिंकलं. दोन्ही संघ आजोबांचे नव्हतेच. "मग बसलात कशाला?" असं भाच्याने विचारलं. "वहीत चौकट रिकामी राहिली असती," असं उत्तर आलं.

स्पर्धेचा इतिहास मला त्यांच्याकडूनच तुकड्यातुकड्यांनी कळला, पुढे घरी येऊन मी तो वाचून जुळवला. पहिली स्पर्धा १९७७ची, चारच संघांची, आणि ती जिंकली होती ओल मिसने. सुरुवातीला स्पर्धेला घर नव्हतं, वेगवेगळ्या गावी फिरायची. १९९३ ते १९९५ या काळात तर पूर्व आणि पश्चिम अशा दोन वेगळ्या स्पर्धा घेतल्या, म्हणजे एका वर्षी दोन विजेते. आजोबा त्या तीन वर्षांबद्दल बोलताना घरातल्या वाटण्यांबद्दल बोलावं तसं बोलत होते. हूवरला आधी एकदोनदा येऊन गेलेली स्पर्धा १९९८पासून इथेच स्थिरावली. २०२० साली करोनामुळे झाली नाही, बाकी खंड नाही.

त्यांचा खरा राग त्या वर्षीच्या बदलावर होता. आजवर स्पर्धेचा गाभा असा होता की एकदा हरलात तरी एक जीवदान असे, दुसऱ्यांदा हरलात की घरी. संघ वाढत गेले, आठाचे दहा, मग बारा. टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यावर सोळा झाले, आणि २०२५पासून सरळ बाद पद्धत. हरला की गेला. वरच्या चार संघांना तर थेट उपांत्यपूर्व फेरीत जागा. टीव्हीला सोपं, वेळापत्रकाला सोपं. पण पराभूतांच्या गटातून कुणीतरी दमत-भागत वर येण्याची जी मजा होती ती गेली, असं आजोबांचं म्हणणं. मला ते पटलं. गल्लीतल्या क्रिकेटमध्येसुद्धा पहिला चेंडू "ट्रायल" असतो.

कॉलेजची पोरं इथे धातूच्या बॅटने खेळतात. त्यामुळे फटक्याचा आवाज लाकडासारखा खट्ट येत नाही, पितळी पातेलं ओट्यावर पडावं तसा टण्ण येतो. त्यात ओल मिसवाल्यांची "हॉटी टॉडी" ही घोषणा. एकजण "तयार आहात का?" असं आरोळी ठोकून विचारतो आणि अख्खा लाल गठ्ठा उत्तर देतो. मला भरत नाट्य मंदिर आठवलं. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवशी "अरे आवाज कुणाचा" सुरू झालं की छत उडेल असं वाटतं, तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे ओरडणारे विशीतले असतात. इथे नातवंडं असलेली माणसं, जी कॉलेज सोडून पन्नास वर्षं झाली, तीही घसा फोडत होती.

एका धावेने गेला सामना. वँडरबिल्ट ३, ओल मिस २. आजोबांनी अख्खा सामना पेन्सिलने लिहिला होता, शेवटचा आकडा मात्र पेनने लिहिला. "यस मॅम," म्हणाले, वही मिटली, आणि मला स्वतःची टोपी देऊ लागले. मी घेतली नाही, ते एक चुकलंच.

जाता जाता भाच्याने सांगितलं की याच मैदानावर १९९४ साली मायकल जॉर्डन बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळला. तेव्हा हे बर्मिंगहॅम बॅरन्स या व्यावसायिक संघाचं घर होतं. त्याची फलंदाजीची सरासरी .२०२ होती, म्हणजे पाच प्रयत्नांत जेमतेम एक यशस्वी फटका.

परतण्याआधी बर्मिंगहॅममधल्या रिकवुड फील्डला गेलो. १९१० सालचं हे मैदान. व्यावसायिक बेसबॉलचं याहून जुनं मैदान अमेरिकेत उरलेलं नाही. फाटक बंद होतं, आम्ही जाळीला नाक लावून पाहिलं. इथे गोऱ्यांचे बॅरन्स आणि काळ्यांचे ब्लॅक बॅरन्स असे दोन संघ खेळत, अर्थात वेगवेगळ्या दिवशी. गोऱ्यांच्या सामन्याला काळ्या प्रेक्षकांना लांब उजव्या कोपऱ्यातल्या बाकांवर बसवत. पुढे बेसबॉलमधला महान खेळाडू ठरलेला विली मेज शाळेत असतानाच, १९४८मध्ये, ब्लॅक बॅरन्सकडून इथे खेळला. त्या वयाच्या मेजला आज हूवरमध्ये खेळणाऱ्या बहुतेक विद्यापीठांनी दारातही उभं केलं नसतं. ओल मिसमध्ये पहिला काळा विद्यार्थी, जेम्स मेरेडिथ, शिरला १९६२ला, तोही दंगल होऊन दोन माणसं मेल्यावर. त्यानंतर पंधराच वर्षांनी या विद्यापीठाने ती पहिली स्पर्धा जिंकली. लाल शर्टातले आजोबा १९६२ साली शाळकरी असणार. मी त्यांना काही विचारलं नव्हतं, आणि जाळीपाशी उभी राहून ते विचारायला हवं होतं असं वाटत राहिलं. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं म्हणा. रिकवुड बांधलं त्याच काळात आपला दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकर हिंदूंच्या संघाकडून विकेटी काढत होता, आणि त्याआधी पुण्यात त्याचा चहा मातीच्या पेल्यात, पॅव्हेलियनच्या बाहेर दिला जात असे.

परतीच्या वाटेवर हद्द ओलांडताच मिळालेला तास गेला. शेंगांची टपरी बंद झाली होती.

मी पुण्याला परतले आणि जूनच्या अखेरीस भाच्याचा निरोप आला: ओमाहाला एलएसयू राष्ट्रीय विजेते. हूवरमध्ये त्यांना अंतिम फेरीही गाठता आली नव्हती. मी विचारलं, आणि आपले वँडरबिल्ट? देशात पहिलं मानांकन मिळालं होतं, म्हणाला, पण घरच्या मैदानावर पहिल्याच आठवड्यात बाहेर. ओल मिससुद्धा, तेही घरच्याच मैदानावर.

"आणि आजोबा?"

"त्यांचा नंबर कुठे घेतला होता आपण," असं उत्तर आलं. मग थोड्या वेळाने दुसरा निरोप: पुढच्या मेची तिकिटं काढतोय, टोपी आण.